आत्याचे धवले आणि काळी खिडकी

माझी आत्या मालाडला खाडीकडच्या कोळीवाड्यात राहते. सकाळी बाजारात मासे विकायचे आणि दुपारी फोन घेऊन म्हाताऱ्या धवलारिणींकडे जायचं, हा तिचा नाद. लग्नात धवले गाणाऱ्या या बायका आता थोड्याच उरल्यात. त्यांची गाणी रेकॉर्ड करून ती घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवायची आणि फोन भरतो म्हणून फोनमधून काढून टाकायची.

गेल्या वर्षी एका रविवारी म्हणाली, "एकेक गाणं दोनदोनदा दिसतंय रे. जादाची काढून दे ना."

जादा फायलींच्या नावाला शेवटी 'कॉपी' लागलेलं होतं. माउसने निवडूनही उडवता आल्या असत्या. पण मी पडलो कंप्युटरवाला भाचा! कमांड लाइनची काळी खिडकी उघडली आणि ऐटीत सांगायला लागलो, "इथे चित्रं नाहीत, नुसते हुकूम. आरएम म्हणजे उडव. स्टार म्हणजे कुठलंही नाव. स्टारला चिकटून कॉपी लिहिलं, की तेवढ्याच फायली जातात."

बोलण्याच्या नादात स्टारनंतर स्पेसबार दाबला गेला. नुसता स्टार म्हणजे सगळंच. एंटर मारलं. फोल्डर उघडला तर रिकामा.

"मग कचऱ्याच्या डब्यातून काढ ना," आत्या म्हणाली.

"इथून उडवलेलं डब्यात जात नाही गं."

तिने उठून चहा ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बरीचशी गाणी परत मिळवली. जी मिळाली नाहीत, त्यांत तिच्या थोरल्या जावेचे धवले होते. ती जाऊ तोवर वारली होती.

मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आत्यानेच फोन केला, "ये, मला शिकव ते काळं."

एलएसने काय काय आहे ते बघायचं, सीपीने कॉपी करायची, एवढं तिला पटकन जमलं. मग म्हणाली, "उडवण्याआधी हे विचारत का नाही?"

"विचारतं. आरएमपुढे उणे आय लिहिलं, की प्रत्येक फाइलीला विचारतं."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

तिने स्वतः आरएमपुढे उणे आय लिहून बघितलं.

आता नवीन रेकॉर्डिंग झालं की ती स्वतः पेनड्राइव्हवर कॉपी करते. जावेचे धवले आठवून आठवून तिने स्वतःच्या आवाजात गायलेत. अर्धेच आठवले म्हणाली. ती फाइल तिने मलाही पाठवली. "ऐकलीस का?" विचारते, तेव्हा मी हो म्हणतो. अजून उघडलेली नाही.