बदामाचा क्रूस

माझ्या हातून आजवर एकच खरं ख्रिस्ती कृत्य घडलंय, आणि तेही चुकून.

आमच्या जबलपुरात नाताळचा केक घरी भाजत नाहीत. मैदा, अंडी, साखर, लोणी, मुरवलेली फळं पिशवीत भरायची, बेकरीत न्यायची, समोर उभं राहून फेटून घ्यायची. ("और फेंटो भैया" म्हणत राहणं एवढंच घरच्या पुरुषाचं काम.) मग वर ओळखीची खूण करून केक भट्टीत सोडायचा आणि संध्याकाळी जाऊन घेऊन यायचा.

त्या वर्षी प्रकरण गंभीर होतं. आमच्या रूथला पाहायला नागपूरहून मुलाचे आईवडील नाताळच्याच दुपारी येणार होते.

"मुलाची आई केकवरून घर ओळखते म्हणे," आमची बायको शीला म्हणाली. "खूण नीट करा."

मी पुष्कळ विचार केला. खूण अशी हवी, की दुसऱ्या कोणाला सुचूच नये. शेवटी मी बदामाचा क्रूस काढला.

संध्याकाळी घमापूरच्या बेकरीत केक आणायला गेलो. "निशानी क्या है, अंकल?" भैयानं विचारलं.

"क्रॉस."

त्यानं नुसता टेबलाकडे हात केला. आमच्या रांझी वस्तीतल्या झाडून सगळ्या ख्रिस्ती घरांचे केक तिथं मांडले होते आणि प्रत्येकावर बदामाचा क्रूस होता.

"बड़े दिन पे लोग और क्या बनाएँगे, आप ही बताओ," भैया म्हणाला.

मी डोकं चालवलं. म्हटलं, लोक आपापले घेऊन जाऊ देत, उरेल तो आपला. (इथंच माझं चुकलं. डोकं चालवायला नको होतं.) उरले दोन. एक छान बदामी, दुसरा तव्याच्या बुडासारखा काळा. आणि हेच डोकं चालवून थांबलेलं दुसरं गिऱ्हाईक होतं साळवे.

साळवे म्हणजे आमचा भिंतीला भिंत शेजारी आणि चर्चच्या कॉयरचा प्रमुख. तीन वर्षांपूर्वी भर सरावात तो मला म्हणाला होता, "आढाव, तुम्ही मनातल्या मनात गा." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि या केकच्याच आठवड्यात पाळकसाहेबांचं प्रवचन झालं होतं, की देवानं आपली लायकी न बघता आपल्याला माफ केलं, तर आपण कुणावर काहून डूख धरून बसायचं? शीलानं मला कोपरानं ढोसलं होतं.

"ऐकलं न?"

"साळव्यानं पण ऐकलं. तो पुढेच बसून राहिला न."

तर आता बेकरीत मी म्हटलं, "भैया, इनसे कहिए, अच्छा वाला हमारा है."

"भैया, इनसे कहिए, हमारे घर का केक आज तक जला नहीं."

"आप दोनों घर में एक ही भाषा बोलते हो," भैया वैतागला, "तो मैं बीच में क्या कर रहा हूँ?"

मी चांगला केक उचलला आणि स्कूटरला किक मारली.

घरी शीलानं केकचा वास घेतला. "हा आपला नाही."

"काहून? क्रूस आहे न वर."

"याच्यात वेलदोडा आहे. मी संत्र्याची साल टाकते. हा सुमनवहिनींचा केक होय." सुमनवहिनी म्हणजे साळव्याची बायको.

"मग तो जळका..."

"आपला," शीला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग पदरानं ते पुसून म्हणाली, "उद्या उपासना झाली की परत देऊन या. माफी मागा."

"अन् पाहुण्यांपुढे काय ठेवशील?"

"चिवडा. देवाघरचं इतकं फुकट मिळालं आपल्याला, अन् नाताळला चोरीचा केक कापायचा का?"

दुसऱ्या दिवशी 'साळवे, चूक झाली' एवढं वाक्य घोकत मी त्याचं दार वाजवलं. साळव्यानं दार उघडलं, केक पाहिला आणि माझ्याआधी तोच बोलला.

"कालपासून मला चैन नाही, आढाव. मीच उगाच भांडलो, केक तुमचाच असेल. अन् तुम्ही आपला चांगला केक मला द्यायला आले? प्रवचन खरं तुम्हीच ऐकलं, भाऊ."

त्यानं मला कडकडून मिठी मारली. मी खरं सांगणारच होतो हो, पण तोंड त्याच्या स्वेटरमध्ये गेलं होतं.

त्यानं लगेच केक कापला. सुमनवहिनींनी एक घास घेतला आणि चावायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या फरशीचा बारकाईनं अभ्यास सुरू केला.

"कसा आहे?" साळव्यानं विचारलं.

"छान आहे," वहिनी म्हणाल्या. "शीलाच्या हाताला चव आहे."

मग उरलेला सगळा केक त्यांनी डब्यात भरून माझ्या हातात दिला. "पाहुणे येऊन राहिले न तुमचे? न्या. जळका खरवडून आम्ही खाऊन घेऊ."

"वहिनी, हा केक खरं म्हणजे..."

"माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "न्या आता."

जे प्रवचन मला चर्चमध्ये कळलं नव्हतं, ते तिथं दारात डबा धरून उभा असताना कळलं. लाजही वाटली आणि रडूही आलं.

दुपारी मुलाच्या आईनं दोनदा केक मागून घेतला. शीलानं तिला तिथल्या तिथं सांगून टाकलं, की हा शेजारच्या वहिनींनी दिलेला आहे. "असे शेजारी आहेत, म्हणजे घर चांगलंच असणार," ती बाई म्हणाली. रूथचं लग्न ठरलं.

साळव्यानं पुढच्याच रविवारी मला कॉयरच्या पहिल्या रांगेत उभं केलं. "आता मोकळ्या गळ्यानं गा, भाऊ." तेव्हापासून मी दर रविवारी मोकळ्या गळ्यानं गातो. कृपा माझ्यावर झाली, सोसून राहिली बिचारी मंडळी.