हवेचा रणगाडा

जत्रेत मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला असतो, त्याचा पंखा मालकाने बंद केला आणि बुरूज हळूहळू माना टाकू लागले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दादाने तोंड फिरवलं. माझा हा थोरला भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन आता गावीच असतो.

"आमच्याकडे असेच रबरी रणगाडे होते," तो म्हणाला. "हवा भरून उभे करायचे. शत्रूला वरून खरे वाटले पाहिजेत."

"आणि वाटायचे?"

"नुसत्या रणगाड्यांना कोण फसतं? आजूबाजूला माणसांचा वावर लागतो. म्हणून आम्ही काहीजण तिथे राहायचो. स्वयंपाक करायचो, कपडे वाळत घालायचो."

एका सकाळी शत्रूचा तोफगोळा नेमका तिथेच पडला. दादाचा जोडीदार सदाशिव तेव्हा बनियन पिळत होता. खरे रणगाडे दूर कुठेतरी सुखरूप होते. युक्ती साधली म्हणून साहेबांनी उरलेल्यांची पाठ थोपटली.

खोट्याला खरेपणा यावा म्हणून तिथे जिवंत माणसं ठेवली होती, आणि गोळा पडणं हेच त्यांचं यश होतं.

"त्याच्या घरी मीच गेलो," दादा म्हणाला. "वहिनींनी विचारलं, कशाची राखण करत होते ते? मी म्हटलं, रणगाड्याची. मग त्यांनी विचारलं, वाचला का तो?"

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. त्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं."