काचेच्या टेबलावरचे चार कागद

मुख्यालयातले मोठे साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत. नकाशेकाका मात्र सव्वीस वर्षे तळमजल्यावरच्या त्याच खोलीत होते. खोलीत दोन लोखंडी कपाटे, एक उंच स्टूल आणि मधोमध काचेचे भले मोठे टेबल. काचेखाली दिवे. दिवे लावून मूळ नकाशा पसरायचा, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाखेने कळवलेल्या खुणा त्यावर उतरवायच्या, हे काकांचे काम. ते सैनिक नव्हते की अधिकारी नव्हते. साधे आरेखक होते. पण हात असा, की त्यांनी काढलेले नदीचे वळण पाहून नदीलाच आपण कुठे चुकलो की काय असे वाटावे.

प्रत्येक शाखेचा रंग ठरलेला होता. मोहिमांची शाखा निळी, पुरवठ्याची हिरवी, अभियंत्यांची तपकिरी, वैद्यकीय शाखा लाल. कागद पुरा झाला की त्याची गुंडाळी होऊन तो त्या त्या शाखेच्या खणात कुलूपबंद होई. एका शाखेचा कागद दुसरीला दाखवायचा नाही, असा दंडक होता. तो कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणूनच बहुधा तो इतक्या कसोशीने पाळला जाई.

त्या उन्हाळ्यातल्या सरावात एक पलटण नदीपलीकडच्या उघड्या माळावर उतरली आणि पाण्याचा टँकर चार तास उशिरा पोचला. एकतीस जवान उन्हाने आडवे झाले. दोघे तीन दिवस शुद्धीवर नव्हते. चौकशी झाली आणि सगळे खापर टँकरच्या चालकावर फुटले. आरोप असा: विनापरवानगी नेमलेला रस्ता सोडला. शिक्षा: बडतर्फी. आदेशावर सही व्हायची तेवढी राहिली होती.

तो चालक म्हणजे काकांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. एकोणतीस वर्षे गाडी चालवून अंगावर एक ओरखडा नसलेला, कमी बोलणारा माणूस. दाजी सांगत ते असे: नेमलेल्या रस्त्याने ते पुलापर्यंत गेले, तर पुलावर आडवा बांबू. अभियंत्यांचा पहारेकरी म्हणाला, पूल कमकुवत आहे, जड गाडी सोडणार नाही. दाजींनी पुरवठ्याला वायरलेस लावून पाहिला, तो लागला नाही. पहारेकऱ्याचा वायरलेस वेगळ्या वाहिनीवर, त्याला पुरवठ्याशी बोलण्याची मुभा नाही. शेवटी दाजी मागे फिरले आणि बासष्ट किलोमीटरचा वळसा घालून माळावर पोचले.

“मेहुणे, पाणी पोचवलं मी,” ते काकांना म्हणाले. “उशिरा पोचवलं, पण पोचवलं. नेमला रस्ता धरला असता, तर टँकर नदीत गेला असता. तिथं पाण्याची गरज नव्हती.”

ताई तिथेच भाजी निवडत बसली होती. ती हसली नाही. आताशा ती जेवतानाही बोलत नसे.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण त्यांनी शाळेत पाठ केली होती. ती घरच्या माणसावर येईल असे त्यांना वाटले नव्हते.

मुख्यालयाने मग सुधारणेसाठी एक कार्यगट नेमला. चारही शाखांनी एकत्र बसून पाणी वेळेवर कसे पोचेल ते ठरवायचे. कल्पना वाईट नव्हती. फक्त प्रत्येक शाखेने त्या दिवशी ज्याला काम नव्हते, अशा माणसाला पाठवले. वरच्या मजल्यावर लांबलचक टेबलाच्या चार कोपऱ्यांत चौघे बसत. भिंतीवर नकाशा टाचण्यासाठी काकांना बोलावत आणि बैठक संपेपर्यंत ते दाराशी उभे असत. पुरवठ्याचा कॅप्टन सांगे, आमचा आराखडा निर्दोष होता. अभियंत्यांचा सांगे, पूल बंद केल्याचे आम्ही आमच्या कागदावर वेळेत नोंदवले होते. वैद्यकीय शाखेच्या डॉक्टरबाई सांगत, उन्हाचा इशारा आम्ही दिला होता. कोणी काही नेमके विचारले, की उत्तर ठरलेले: साहेबांना विचारून सांगतो. एक ना धड भाराभर चिंध्या. दोन बैठकांचे इतिवृत्त तेवढे सुबक टंकलेले होते, आणि दुसऱ्या बैठकीचे तर बैठकीच्या आदल्या दिवशीच.

दुसऱ्या बैठकीनंतर काका खोलीत आले ते धुमसत. प्रत्येकाने आपापला कागद निर्दोष असल्याचे सांगितले होते. मग दोष होता कुठे? त्यांनी दार लोटले, अभियंत्यांचा खण उघडला, मग पुरवठ्याचा, आणि सव्वीस वर्षांत जे केले नव्हते ते केले. दिवे लावून तपकिरी कागदावर हिरवा कागद ठेवला.

हिरवी रेघ पुलावरच्या तपकिरी फुलीवरून सरळ पलीकडे गेली होती.

काका स्टुलावर बसले. फुली त्यांच्या हातची होती, सोमवारची. रेघही त्यांच्याच हातची, गुरुवारची. तीन दिवसांच्या अंतराने, याच टेबलावर, याच दिव्यांवर त्यांनी दोन्ही काढल्या होत्या. फुली टोकदार आली म्हणून ते तेव्हा खूशही झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे तो वळसा दाजींच्या माथी बसला होता. आतापर्यंतचा सगळा संताप शाखांवर होता; त्यातला एक वाटा त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःकडे घेतला. त्यामुळे उरलेला मात्र कमी झाला नाही.

तिसऱ्या बैठकीला कार्यगटाचे अध्यक्ष असलेले कर्नल स्वतः आले. नवे होते, अजून इतिवृत्तावर विश्वास ठेवत. काका दाराशी उभे राहिले नाहीत. ते पुढे झाले आणि म्हणाले की नकाशा आज भिंतीवर लागणार नाही, साहेबांनी सर्वांना घेऊन खाली यावे, कारण टेबल वर आणता येत नाही. पुरवठ्याच्या कॅप्टनने टोमणा मारला, “काका, आता बैठकाही तुम्हीच घेणार?”

“घेतल्या असत्या तर बरं झालं असतं,” काका म्हणाले.

कर्नल उठले, म्हणून बाकीचेही उठले.

त्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. सगळ्यांना टेबलाभोवती उभे राहावे लागले, खांद्याला खांदा लावून. काकांनी निळा कागद ठेवला, पलटण उतरली तो माळ. त्यावर लाल, उन्हाचा इशारा बरोबर त्याच माळावर. त्यावर तपकिरी आणि शेवटी हिरवा. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. अभियंत्यांच्या कॅप्टनने नकळत फुलीवर बोट ठेवले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले.

“ही फुली मी काढली,” काका म्हणाले. “ही रेघही मीच काढली. दोन्ही माझ्या हातच्या. मला दिसायला हवं होतं. माझी चूक आहे आणि ती मी लिहून देतो. आता ह्या चार कागदांत चालकाची चूक कुठं आहे, ती मला कोणीतरी दाखवा.”

मग डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांनी इशारा फक्त वरच्या साहेबांना दिला, पुरवठ्याला नाही. पुरवठ्याचा कॅप्टन म्हणाला की पुलाची खबर घेण्याचे त्याच्या मनातही आले नव्हते. त्या अर्ध्या तासात जेवढे काम झाले, तेवढे आधीच्या दोन बैठकांत मिळून झाले नव्हते. ठरले ते एवढेच: यापुढे चारही कागद एकावर एक ठेवल्याशिवाय कोणतीही गाडी निघणार नाही, आणि कार्यगटात तोच येईल, ज्याला जागच्या जागी हो किंवा नाही म्हणता येते.

पण चालकाचे प्रकरण शिस्त शाखेकडे होते आणि शिस्त शाखा कार्यगटात नव्हती. कर्नलांनी टिपण पाठवले. आठवड्याने उत्तर आले, तेही थेट दाजींच्या घरी: बडतर्फी रद्द, सक्त ताकीद देऊन कामावर रुजू करून घेत आहोत; ताकीद मान्य असल्याची सही करून प्रत परत करावी.

ताईने ते पत्र वाचून देव पावल्यासारखे डोळ्यांना लावले. पेन्शन वाचली होती. काकांनी तेच पत्र वाचले आणि ते उभ्या उभ्या लाल झाले.

“ताकीद कशाची? पुलावरून खाली पडला नाहीत, याची?”

“अरे, आता पुरे,” ताई म्हणाली. “सही करू दे त्यांना.”

दाजींनी पेन हातात घेतले, टोपण काढले, परत लावले. “एकतीस पोरं आडवी झाली,” ते म्हणाले. “ह्यावर सही केली, तर ती माझ्यामुळं झाली असं होईल. गाडी नाही चालवली तर चालेल मला.”

ताई पदराने डोळे पुसत आत गेली. काकांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

पुढच्या बैठकीला, काकांच्या हट्टामुळे, शिस्त शाखेचे मेजर आले. चार कागद टेबलावर होतेच. काकांनी त्यांच्यावर पाचवा ठेवला: दाजींचे पत्र, सहीविना. दिव्यांच्या उजेडात पत्रातली अक्षरे आणि खालची फुली एकाच वेळी दिसत होती.

मेजर बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या शाखेचा रंग नकाशावर कधी लागलाच नव्हता, म्हणून काकांनी त्यांना साधी काळी पेन्सिल दिली. मेजरांनी पट्टी मागितली, ‘सक्त ताकीद देऊन’ आणि ‘ताकीद मान्य असल्याची’ या शब्दांवर सरळ रेघा मारल्या, शेजारी आद्याक्षरे घातली आणि पेन्सिल परत केली.

काकांनी आभार मानले नाहीत. न दिलेल्या शिक्षेबद्दल आभार कसले मानायचे, असे त्यांना वाटले. पत्र घेऊन ते जेवणाच्या सुट्टीत दाजींकडे गेले आणि सही कुठे करायची, ते बोटाने दाखवले.