भुऱ्याच्या तोंडातली गाय

दिवाकररावांचा सगळा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला होता, त्यामुळे देवावर नसेल एवढा त्यांचा लाल दिव्यावर विश्वास. म्हणूनच जनावरांच्या डॉक्टर माधुरीबाईंचं म्हणणं त्यांना लगेच पटलं.

भुऱ्या हा त्यांचा कुत्रा. सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या लांबनाक्या कोली जातीच्या कुत्रीचा आणि लक्ष्मी गेटच्या एका उनाड गृहस्थाचा मुलगा. खरजेनं बिचाऱ्याला पार सोलून काढलं होतं.

"खरजेचं इंजेक्शन साधंच आहे," माधुरीबाई म्हणाल्या, "पण कोलीच्या वंशात कधीकधी एका जनुकात दोष असतो. तो असला तर तेच औषध मेंदूत शिरतं, कुत्रा दगावू शकतो. गालाच्या आतून कापूस फिरवून तपासायला पाठवू. अहवालाशिवाय सुई नाही. आणि सकाळी उपाशीपोटी आणा."

अहवाल आला: नमुन्यात गायीचे अंश, तपासणी अशक्य.

"आपण कुत्राच पाळलाय ना गं?" दिवाकररावांनी बायकोला विचारलं.

"निघताना गायीचं तूप लावलेल्या पोळीचा एक घास दिला होता," प्रमोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "मुक्या जीवाला दिल्याशिवाय या घरात कुणी तोंडात काही घालत नाही. तुमच्याच आईंची शिकवण."

"उपाशीपोटी आणा म्हणाल्या होत्या!"

"होते की मी उपाशी. त्याला देईपर्यंत."

दिवाकररावांनी कपाळावर हात मारला. त्यात शेजारचा पियूष कुंपणावरून डोकावला. "चाचाजी, काहे के चक्कर में पड़े हो? बिजौली में अपना कंपाउंडर है. एक सुई, छुट्टी."

भुऱ्याच्या कानामागून रक्त येत होतं. दिवाकररावांनी साखळी उचलली, फाटकापर्यंत गेले, पियूषवर, प्रयोगशाळेवर आणि समस्त गोवंशावर करवादले आणि लाल दिवा आठवून परत फिरले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वयंपाकघरालाच कुलूप घातलं. कुत्रा उपाशी म्हणून बाई उपाशी, आणि बाई उपाशी म्हणून यांना चहा नाही. दवाखान्यात भुऱ्या सोडून सगळे गुरगुरत होते.

या वेळी अहवाल स्पष्ट आला: जनुकात दोष आहे. माधुरीबाईंनी त्या इंजेक्शनवर कायमची फुली मारली आणि भुऱ्याला चालणारी वेगळी गोळी दिली.

काही दिवसांनी भुऱ्या दारात न खाजवता, तंगड्या वर करून घोरत पडला. दिवाकरराव त्याच्याकडे बघत बसले.

"याला वंशावळ बघून औषध," ते धुसफुसले, "आणि मला रक्तदाबाची तीच गोळी, जी अख्ख्या कॉलनीला."

"हळू बोला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."