सावंतांचा नंबर

नाईक सावंत बाकावरून उठले, सावधान उभे राहिले, "जय हिंद, साहब" म्हणाले आणि तसेच फरशीवर तोंडावर आपटले. समोर नुकतेच आत आलेले मेजरसाहेब होते. त्यांचं उलट "जय हिंद" तोंडातच राहिलं.

माजी सैनिकांसाठी सरकारने काढलेल्या बडोद्यातल्या दवाखान्यात मी फीमेल अटेंडंट होते. व्हीलचेअर ढकलायची, बाया तपासताना डॉक्टरांजवळ थांबायचं, नंबर पुकारायचे. यजमान फौजेत होते, ते गेल्यावर ही नोकरी मिळाली. शिक्षण चौथी.

मी सावंतांना उताणं केलं. ओठ निळे, शर्ट घामाने चिंब. डॉक्टर शाह धावत आले, गळ्याला बोटं लावली आणि लगेच छाती दाबायला लागले.

"मावशी, शॉक मशीन."

हृदय नुसतंच थरथरत असेल तर विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणायचं हे यंत्र. आमचं नवंकोरं होतं. वायरींवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी ते दातांनी फाडलं. तेवढ्यात सावंतांची बरगडी मोडली. कोंबडीचं हाड मोडावं तसा आवाज झाला. डॉक्टर थांबले नाहीत.

एक झटका दिला. काही नाही. दुसऱ्या झटक्यानंतर सावंतांच्या घशातून घरघर आली.

"नाडी लागली. गाडी काढा, मोठ्या हॉस्पिटलात न्या."

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं आणि अडलं. सावंतवहिनींनी दांडा धरला होता.

"आधी रेफरल द्या."

रेफरल म्हणजे आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी. ती दाखवली की मोठ्या हॉस्पिटलात फुकट उपचार होतात. हे नेहमीच्या आजारांसाठी. जिवावर बेतलं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, कागद मागाहून होतात. वहिनींना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"वहिनी, हात काढा."

"चिठ्ठीशिवाय आत घेत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांना परत पाठवलं होतं. म्हणून तर सकाळपासून ह्यांच्या छातीत दुखतंय तरी इथे आणलं."

"कसं आणलं?"

"तरसालीहून, बसने. उभ्यानेच."

डॉक्टर गुजरातीत म्हणाले, "बेन, कागळ पछी." म्हणजे कागद नंतर. वहिनी ऐकेनात. मी त्यांची बोटं ओढून सोडवली. त्यात एक बांगडी फुटली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. मी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि गाडीत बसवलं.

परत आले तर हॉलमध्ये सगळे उभे. बाकावर एकही माणूस नाही.

त्या सकाळी दवाखाना उघडला तेव्हा रांगेत सावंत पहिले होते. काउंटरवर त्यांनी सांगितलं, "जरा गॅसेस आहेत." मग एक हवालदार आले. नाईक हा हवालदाराच्या खाली, तेव्हा सावंत म्हणाले, "आप पहले." मग सुभेदारसाहेब आले. तेही पुढे गेले. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसल्या होत्या. साहेब लोक समोर असताना मध्ये बोलायचं नाही, ही आम्हा बायकांची सवय. मग मेजरसाहेब आले.

आमचे इन-चार्ज कर्नलसाहेब मला म्हणाले, "मावशी, नंबर तुम्ही पुकारता. मग हे झालं कसं?"

"मी सावंतांनाच पुकारलं, साहेब. दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी उठलं."

"मी पायाचं कुरूप दाखवायला आलो होतो," सुभेदार म्हणाले. कुणी हसलं नाही.

"मग आधी का गेलात?" मी विचारलं.

"त्याने जागा दिली. माझ्या नंबराला मेजरसाहेब आले असते तर मीही दिली असती."

मेजरसाहेबांनी खिशातून रिकामी पट्टी काढून मला दाखवली. बीपीच्या गोळ्यांची. "मला एवढंच न्यायचं होतं," ते म्हणाले.

कर्नलसाहेबांनी भिंतीवर पाटी लावली. इथे हुद्दा नाही, जास्त आजारी माणूस आधी. खाली रेफरलचंही लिहिलं. मी म्हटलं, "साहेब, पाटी वाचून हे लोक बसायचे नाहीत." साहेबांना राग आला.

पुढे सावंत मोठ्या हॉस्पिटलातून सुटून दाखवायला आले. काठी होती, शर्ट ढगळ झाला होता. पाटीच्या खालीच बसले. थोड्या वेळाने मेजरसाहेब आत शिरले. सावंतांनी काठी टेकली आणि उठायला लागले. वहिनींनी खांदा धरून खाली दाबलं, तरी ते उठतच होते.

मेजरसाहेब दारातूनच म्हणाले, "सावंत, बैठ. ऑर्डर है."

सावंत बसले.

तेव्हापासून मीही पेशंटला विनंती करायची सोडून दिली. खुर्चीकडे बोट दाखवायचं आणि ऑर्डर म्हणायचं.

काही वर्षांनी मेजरसाहेब देवाघरी गेले. नंतर सुभेदार गेले. सावंत आहेत.