सोळा डोकी

आम्ही चार भावंडं. दुकानातून बाहेर पडताना, बसमध्ये बसल्यावर, अगदी दवाखान्यातसुद्धा बाबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन हजेरी घ्यायचे. नुसतं 'चार' मोजलेलं त्यांना चालत नसे. तोंडाकडे नीट बघायचे, मगच पुढच्याकडे वळायचे. आईचीही त्यातून सुटका नव्हती. "आहे, आहे, मी कुठे पळून जाते?" असं ती म्हणेपर्यंत बाबा खाली बसत नसत, कंडक्टर कितीही ओरडो. गल्लीत त्यांना हजेरीमास्तर म्हणत. धाकटीच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याला थांबवून सगळ्यांची हजेरी घेतली, तेव्हा तर मला तोंड कुठे लपवू असं झालं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "बाबा, आम्ही काय बकऱ्या आहोत? एकदा मोजलं की मोजलं!"

"मोजून मी एकदा फसलोय," ते म्हणाले. आणि लढाईबद्दल तीस वर्षं मूग गिळून बसलेला माणूस बोलायला लागला.

लढाईच्या काळात बाबा मालवाहू जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे. त्यांच्या पाळीत इंजिनाला तेल घालणारा एक तेलवाला होता. दोघांचं नवं नवं लग्न झालेलं. बायकोचं पत्र आलं की दोघं एकमेकांना वाचून दाखवायचे. कोणता भाग गाळायचा हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

एके दिवशी दुपारी जहाजाला शत्रूच्या पाणबुडीने सोडलेला पाणतीर लागला. टाकी फुटली आणि सगळे काळ्या तेलाने न्हाऊन निघाले. कोण कुठला, ओळखू येईना. प्रत्येक होडीची माणसं आधीपासून ठरलेली असत. बाबांच्या होडीत सोळा, त्यात तेलवालाही. वरून अधिकारी ओरडला, "माणसं पुरी?" बाबांनी डोकी मोजली. सोळा. "पुरी!" म्हणून त्यांनी दोर सोडायला लावला.

तासाभराने तोंडं पुसली तेव्हा कळलं की सोळावा माणूस तेलवाला नव्हताच. तो दुसऱ्या होडीचा आचारी होता, घाईत दिसली त्या होडीत चढलेला. तोपर्यंत जहाज बुडालं होतं आणि दुसरी होडी दिसेनाशी झाली होती. नऊ दिवसांनी बाबांच्या होडीला एका जहाजाने उचललं. दुसऱ्या होडीचा पत्ताच लागला नाही. कंपनीच्या यादीत तेलवाल्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असं लिहिलेलं बाबांनी पाहिलं आणि पुन्हा त्या ऑफिसची पायरी चढले नाहीत.

"तीनदा गेलो त्याच्या गावी," बाबा म्हणाले. "सायकलच्या दुकानापर्यंत जायचो, पुढे पाय उचलायचा नाही. त्याच्या बायकोला काय सांगू? तुमच्या नवऱ्याला मागे ठेवून मी दोर सोडला?"

मला त्यांचा राग आला होता हे खरं. पण हे ऐकून तो कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "उद्या आपण दोघं जाऊ. बोलणं माझ्याकडे लागलं."

सकाळच्या बसने तीन तास. मी वाटभर वाक्यं जुळवत होते, बाबा खिडकीबाहेर बघत होते. सायकलच्या दुकानापाशी ते थांबले. "पुढच्या महिन्यात येऊ," म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवून त्यांचं कोपर धरलं आणि उसनं अवसान आणून दाराची कडी वाजवली.

दार उघडलं ते एका टकल्या म्हाताऱ्याने. हातात स्टोव्हची पिन, बनियनवर रॉकेलचे डाग. मी जुळवलेली सगळी वाक्यं एका बाईसाठी होती.

बाबांनी चौकट धरली. "तेलवाल्या?"

म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला. "आगवाल्या, तू? अरे, तू मेलास ना?"

"मी कशाला मरू? मेलास तू!"

बाबा तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. माझाही जीव भांड्यात पडला. मग, खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं. दोन धडधाकट म्हातारे एकमेकांना मेलास म्हणत होते.

आत गेल्यावर उलगडा झाला. तेलवाला दुसऱ्या होडीत चढला होता. त्या होडीला शत्रूच्या जहाजाने उचललं आणि सगळे लढाई संपेपर्यंत कैदेत राहिले. बाबांची होडी बुडाली असं तिथे त्याच्या कानावर आलं होतं. सुटून आल्यावर त्याने पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही.

"मग कुणाकडे चौकशी तरी करायचीस!" बाबा म्हणाले.

"कोणत्या तोंडाने करू?" तेलवाला खाली बघायला लागला. "ती जागा माझी नव्हती. आचाऱ्याची होती. त्यांचं एक माणूस कमी होतं, मी चढलो, मोजणी बरोबर झाली, त्यांनी दोर सोडला. तो मागून आला असेल, त्याला जागा मिळाली नसेल. माझ्यामुळे बुडाला तो."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "असंच करतात हे," ती मला म्हणाली. "चांगलंचुंगलं खाताना ताट सरकवतात. म्हणतात, हे त्याच्या वाटचं."

बाबा उठून उभे राहिले. "अरे वेड्या, तो माझ्या होडीत होता! तुझ्या जागेवर बसून नऊ दिवस बिस्किटं खाल्ली त्याने. अजून जिवंत आहे, खानावळ आहे त्याची. दरवर्षी पत्र पाठवतो मला."

तेलवाल्याने बाबांना तेच पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा एकदा. मी म्हटलं, "काका, मी आज लगेच त्यांना पत्र टाकते."

"पत्र नको. मला त्याला बघायचंय." त्याने बनियनवरच शर्ट चढवला, गुंड्या खालीवर लावल्या आणि चपला शोधू लागला. बायको म्हणाली, "अहो, निदान दोन घास खाऊन तरी निघा!"

"त्याच्याकडेच जेवेन," तेलवाला म्हणाला, आणि बाबांच्या आधी दाराबाहेर पडला.