पाऊण इंच

लष्कराने मोडीत काढलेली जीप धाकट्या भावाने भाड्याने चालवायला घेतली आणि माझी रविवारची झोप गेली. मी महाडच्या एका लाकडाच्या वखारीत मापं घेण्याच्या कामावर होतो. रविवारी वखार बंद. जेवून आडवं व्हावं, तर डोळ्यांपुढे आंबेनळी घाट उभा राहायचा. भाऊ जवळच्या सव गावच्या गरम कुंडांवर माणसं घेऊन गेला असेल तर मला काही वाटत नसे. पाचाडचीही फारशी धास्ती नव्हती. पण पोलादपूरहून वर महाबळेश्वरची वर्दी मिळाली, की तो परत येईपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घालायचो.

"अहो, तुम्ही चाललात म्हणून जीप लवकर येणार हाय का?" बायको म्हणायची. "अंगणाला घळ पडेल नुसती."

छोट्या मोटारी बनवण्याचा नाद मला या धास्तीतूनच लागला. आमचे शेजारी जहाजावर नोकरीला होते. वर्षा-दीड वर्षाने ते घरी येत तेव्हा भाच्यांसाठी परदेशातून खोके आणत. खोक्यावर मोटारीचं रंगीत चित्र, आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, चिकटवायची एक नळी आणि कोणता भाग कुठे बसवायचा याची चित्रं. भाच्यांना तयार मोटार हवी असायची. दोन चाकं जोडून झाली की त्यांचा जीव कंटाळायचा. मग ते खोकं माझ्याकडे यायचं. "तुम्हीच लावा ते, आमच्याकडे कुणाला एवढा धीर नाय," असं म्हणत शेजारी ते ओट्यावर ठेवून जायचे.

या मोटारींचं प्रमाण ठरलेलं होतं. खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच. मला हे फार आवडलं. पहिल्या दोन मोटारी मी चित्रात होत्या तशाच केल्या. लांबलचक अमेरिकन गाड्या. आपल्या रस्त्यावर वळल्याही नसत्या. तिसऱ्या मोटारीपासून मी बदल करू लागलो. छप्पर कापून उघडी गाडी केली, मागे सामानाचा कठडा बसवला, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून कडा गोल केल्या, रंग माझा मी मिसळून लावला. नखाएवढा आरसा काठीच्या टोकावर धरून बसवताना माणसाला दुसरं काही सुचत नाही. तेवढा वेळ घाट लांब जायचा.

मग एका खेपेला खोक्यात जीप आली. भावाची होती तीच, लष्करी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मी ठरवलं की ही आपल्या घरचीच जीप करायची. भावाने मागचा भाग वाढवून लाकडी बाकं बसवली होती, वर ताडपत्रीचं छप्पर केलं होतं. तसंच सगळं करायचं.

भाऊ हसला. "दादा, खरी जीप दारात हाय, तिच्यात कधी बसला नाय. आणि हिचं बाळ करतोय!"

"तू उभी कर सरळ. मला मापं घ्यायची आहेत."

"घे, घे. आणि ती उजवीकडं ओढते, ते पण लिही मापात. म्हाताऱ्या बैलासारखी झालीय, एका अंगानं चालते."

मी हसलो नाही, पण त्या बोलण्याचा विचारही केला नाही. अंगण सारखं होतं. चाकं सरळ करून घेतली. टेप लावून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजलं. डावीकडे ऐंशी इंच. उजवीकडे सव्वाएकोणऐंशी. दोनदा मोजलं, तेच आलं. पाऊण इंचाचा फरक.

आता वखारीतल्या माणसाची खोड सांगतो. लाकडाचा ओंडका दोन्ही टोकांना कधी सारखा नसतो. एका टोकाचा घेर जास्त, दुसऱ्याचा कमी. आम्ही दोन्हींची बेरीज करतो आणि निम्मी करतो. त्यात कुणावर अन्याय होत नाही. माझा हात इतकी वर्षं तेच करत आला होता. जीपच्या बाबतीतही मी तेच केलं. दोन बाजूंची बेरीज, त्याचं निम्मं, आणि दोन्हीकडे तेवढंच अंतर धरून सागाच्या पट्टीवर खूण केली. लाकूड वाकडं वाढतं, गाडी वाकडी वाढत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या दोन-तीन रविवारी जीपचा सांगाडा उभा राहिला. आगपेटीच्या पातळ लाकडाची बाकं झाली, जुन्या छत्रीच्या कापडाचं छप्पर झालं. एका रविवारी सकाळी भाऊ महाबळेश्वरची वर्दी घेऊन गेला. वर माणसं सोडायची, दुपारी दुसरी माणसं घेऊन उतरायचं. मी जेवून पुढची मडगार्डं लावायला बसलो.

मडगार्डांची मापं मी दुसऱ्या एका दिवशी घेतली होती. चाकाच्या मागे मडगार्डापर्यंत किती जागा राहते, ते दोन्ही बाजूंनी पट्टीवर खुणा करून आणलं होतं. डावं मडगार्ड बसवलं. उजवं बसवायला गेलो तर जमेना. पट्टीप्रमाणे उजवीकडची जागा कमी हवी होती. माझ्या जीपमध्ये ती डावीकडच्याइतकीच येत होती. खुणांमधला फरक मोजला, त्याची खऱ्या गाडीची इंचं केली. पाऊण इंच.

हा फरक मला निम्मा करता येईना. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी घेतलेली दोन मापं एकच गोष्ट सांगत होती. टेप चुकला नव्हता. जीपचं उजवं चाक खरोखरच पाऊण इंच मागे सरकलेलं होतं.

मी छोटी जीप उलटी केली. खाली स्प्रिंगच्या पट्ट्या, त्यांच्यावर पुढचा एक्सल. एक्सल पट्टीवरून घसरू नये म्हणून मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक खुंट. उजवा खुंट मी मुद्दाम कापला. मग बोटाने चाक मागे ढकललं. ते सरकलं. गाडीचं तोंड उजवीकडे फिरलं.

भाऊ म्हणाला होता, ती उजवीकडं ओढते. बायको पाणी घेऊन आली होती, ती म्हणाली, "काय झालं? तोंड असं का झालं तुमचं?"

"गॅरेजला जाऊन येतो."

"खेळण्यातलं चाक बसवायला मिस्त्री लागतो आता?"

मी छोटी जीप आणि टेप उचलून चपला घातल्या.

मिस्त्री जेवून गॅरेजच्या दारात खाट टाकून पडले होते. भावाच्या जीपचं काम तेच करायचे. मी छोटी जीप त्यांच्या हातात दिली आणि चाक सरकवून दाखवलं. माप सांगितलं. ते उठून बसले.

"पाऊण इंच? नीट मोजलंत, मापवाले?"

"दोन वेळा. दोन जागी."

"मग सेंटर बोल्ट तुटलाय. पट्ट्यांच्या मधला बोल्ट. आणि वरचे बोल्ट ढिले पडलेत, म्हणून एक्सल मागं जातोय." ते खाटेवरून खाली उतरले. मग म्हणाले, "गाडी कुठंय?"

"महाबळेश्वरला."

"चढताना एवढं नाय. उतरताना जोरात ब्रेक मारला, तर चाक मागं जाईल आणि स्टिअरिंग हातात राहणार नाय." त्यांनी सदरा घातला. जॅक आणि पान्यांची पिशवी उचलली. "चला."

रविवार होता, पोस्ट बंद. वर फोन करायला दुसरी सोय नव्हती. गॅरेजसमोर एक ट्रक निघत होता, त्याने आम्हाला पोलादपूरला सोडलं. त्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच आकडेमोड चालू होती. जीपमध्ये किती माणसं असतील, त्यांचं वजन किती, वजन वाढलं की ब्रेक किती जोरात लावावा लागेल. उत्तर येत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं.

पोलादपूरहून वर जाणारं वाहन मिळेना. आम्ही घाटाच्या रस्त्याने चालत निघालो आणि चढ सुरू होतो त्या वस्तीपाशी थांबलो. पुढे चालत जाण्यात अर्थ नव्हता. वरून एक ट्रक उतरला. मिस्त्रींनी त्याला थांबवून विचारलं, "वर ताडपत्रीची जीप दिसली काय?"

"दिसली की. वरच्या वळणावर उभी हाय. माणसं खाली उतरलेत सगळी."

"उलटली?" मी ओरडलो.

"उभी म्हटलं ना, काका. उलटलेली गाडी उभी असते काय?" ड्रायव्हर हसला आणि निघून गेला.

उभी का आहे, हे मी विचारलंच नव्हतं. ट्रक वळणाआड गेल्यावर ते लक्षात आलं. मिस्त्री म्हणाले, "बसा जरा." मी बसलो नाही. वर डोंगरात कुठेतरी इंजिनचा आवाज यायचा, वळणाआड बुडायचा, पुन्हा यायचा. एकदा आवाज बराच वेळ आलाच नाही. मिस्त्रींनी विडी पेटवायला काडी ओढली, ती त्यांच्या बोटांत तशीच जळून गेली.

मग जीप दिसली. वळणावरून पुढे आली, मागे माणसं, पुढे भाऊ. मला काय झालं कोण जाणे. मी रस्त्याच्या मधोमध धावलो आणि दोन्ही हात वर करून ओरडू लागलो, "थांब! थांब!"

मागून कुणीतरी माझा सदरा धरून असा ओढला की मी कडेच्या गवतात पडलो. मिस्त्री होते. "ब्रेक मारायला लावताय काय त्याला? हात खाली करा!"

जीप आमच्या अंगावरून वारा टाकत पुढे गेली. भावाने आम्हाला पाहिलं होतं. तो ओरडून काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. उतारावर ती लांब लांब होत गेली, आणि सपाटी लागल्यावर आपोआप मंद होऊन थांबली. आम्ही धावलो. मला आठवतं, मी धावताना तिच्या मागच्या चाकांकडे बघत होतो, ती रस्त्यावरच आहेत ना म्हणून.

भाऊ खाली उतरला होता. "दादा, येडा झाला काय तू? मरायचं होतं तर घरी मरायचं! वर एका पोरीला उलटी झाली म्हणून आधीच उशीर झालाय, आणि तू..."

"माणसं उतरव," मिस्त्री म्हणाले.

"का?"

"उतरव म्हणतो ना."

एक बाई खाली उतरताना म्हणाली, "आता काय, पोलादपूरपर्यंत पायी का? पैशे परत द्या मंग."

मी टेप लावला. टेपचं टोक चाकाच्या मध्यावर ठरेना. मिस्त्रींनी ते धरलं. डावीकडे ऐंशी इंच. उजवीकडे साडेअठ्ठ्याहत्तर. पाऊण इंचाचा दीड इंच झाला होता.

भाऊ वाकून टेपकडे बघत होता. त्याच्या तोंडावरचा राग गेला. तो हळूच म्हणाला, "परत मोज."

परत मोजलं.

"परत मोज, दादा."

तिसऱ्यांदाही तेच आलं. मिस्त्री जॅक लावून खाली शिरले आणि बोटाएवढा, अर्धा तुटलेला बोल्ट घेऊन बाहेर आले. तुटलेली बाजू जुनी होती, गंजून काळी पडलेली. भावाने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"पोरीला उलटी व्हायच्या आधी एका वळणावर समोरून बस आली," तो म्हणाला. "मी ब्रेकवर पाय ठेवला होता. मग उचलला, आणि कडेला घेतली."

"का उचलला?" मी विचारलं.

"काय म्हाईत."

माणसं पोलादपूरकडे चालू लागली. बोल्ट तिथे बदलता येण्यासारखा नव्हता, तेव्हा चाकांखाली दगड लावून आम्हीही निघालो. मिस्त्री पुढे, मागे आम्ही दोघं; रस्ता सपाट होता, तरी एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदीची खोल दरी होती. त्या रस्त्याने भाऊ आजवर दरीच्या कडेने गाडी हाकत गाणी म्हणत गेला असेल. आता तो माझ्या आतल्या बाजूने, डोंगराला खांदा घासत चालला होता. मी त्याला जागा दिली आणि बाहेरच्या कडेने चालत राहिलो.